अंधारायच्या आत

दिवाळी होऊन गेल्यापासून चांगदेवच्या वस्तीवर संडासला जायचं म्हणजे सगळ्या घराचं काम होऊन बसलं होतं.

संडास तसा लांब नव्हता. गोठ्याच्या पलीकडं, बांधाला लागून. चांगदेवच्या बापानं तो बांधला तेव्हा बांधापलीकडं कांदा असायचा. पुढं कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, आणि आता वारा सुटला की उसाची पाती संडासाच्या पत्र्यावर घासायची. दिवस कलल्यावर ज्याला जायचं असेल त्यानं तसं सांगायचं. मग चांगदेव बॅटरी घेऊन पुढं, त्याची बायको आरती पितळी ताट आणि उलथनं घेऊन मागं. आत गेलेलं माणूस बाहेर येईस्तोवर आरती ताट वाजवत उभी राहायची. हात दुखून ती जरा थांबली की आतून आवाज यायचा, "हायेस ना गं?"

"हाय, हाय. आवरा तुमी."

पलीकडच्या वस्तीवरची साळुबाई दसऱ्याच्या आधी गेली. रात्री नाही, चांगल्या उन्हात. गाईंसाठी घास कापायला वाकली होती. तिचा मुलगा हाकेच्या अंतरावर पाइप जोडत होता, त्याला नुसता उसात काहीतरी ओढल्याचा आवाज आला. अवसरी गावातली निम्मी माणसं काठ्या घेऊन धावली. साळुबाई सापडली तेव्हा तिचा विळा तिच्या मुठीत तसाच होता.

वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावला, आत शेळी बांधली. काही दिवसांनी एक बिबट्या त्यात अडकलाही. तोच की दुसरा, हे कुणालाच कळलं नाही. तो नेला आणि महिन्याच्या आत ओल्या पाटात पुन्हा पावलं उमटली. जाताना वनखात्याच्या माणसानं समजावून सांगितलं होतं की वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो, तेव्हा शेतात शक्यतो वाकू नका.

चांगदेवची आई कुशाबाई त्याच्यासमोरच उभी होती. "बरं," ती म्हणाली. "घास उभ्यानं कसा कापायचा, तेवढं दाखवून जावा."

तो बिचारा चहा पिऊन गेला.

मग चांगदेवचा धाकटा भाऊ पप्पू, जो गावठाणात राहायचा आणि पिकअप चालवायचा, त्यानं मंचरहून खिळ्यांचा पट्टा करून आणला. रबरी पट्टा, त्यातून आरपार काढलेले खिळे, टोकं बाहेर. गळ्याभोवती बांधायचा. आरतीनं एकदा बांधून बघितला, तिचा श्वास कोंडल्यासारखा झाला. कुशाबाईनं मात्र तो काही न बोलता बांधला आणि पदराखाली घेतला. त्यानंतर घास कापताना ती तो कधी विसरली नाही. मान खाली घातली की आतल्या बाजूनं रबर काचायचं. तिच्या गळ्यावर बैलाच्या खांद्यावर असतो तसा काळा वळ पडला.

एकदा रस्त्यानं जाणारी गाडी थांबली. चांगले कपडे घातलेली दोन माणसं उतरली आणि बांधावरून कुशाबाईचे फोटो काढायला लागली. एक म्हणाला, "आजी, पदर जरा बाजूला घ्या ना, पट्टा दिसू द्या."

चांगदेव पाण्याच्या मोटारीपाशी होता. त्याला वाटलं, जावं आणि फोन पाटात फेकून द्यावा. पण त्याच्या आधी कुशाबाई उभी राहिली, तिनं पदर बाजूला केला आणि फोटो काढू दिला. गाडी गेल्यावर ती परत वाकली. चांगदेव तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

थंडी वाढली तशी समृद्धी आजारी पडली. चांगदेव-आरतीची ही एकुलती पोर, दुसरीत होती. ताप यायचा, जायचा, पोटात दुखतंय म्हणायची. गोळ्यांनी उतरेना तेव्हा दोघं तिला मोटारसायकलवर मधे बसवून मंचरला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी बघितली आणि आरतीकडं वळून विचारलं, "ही पाणी पीत नाही का?"

"पिती की. शाळेत बाटली नेती."

"भरलेली परत आणते का, बघा. लघवी धरून ठेवते ही. किती दिवस चाललंय हे?"

येताना मोटारसायकलवर आरती पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसली होती.

घरी आल्यावर तिनं समृद्धीला मांडीवर घेतलं. "पाणी का पीत नाईस गं?"

समृद्धी फ्रॉकचं बटण फिरवत राहिली.

"वाघाचं भ्या वाटतं?" कुशाबाईनं विचारलं.

पोरीनं मान हलवली. नाही.

"मग?"

"ताट वाजतं," समृद्धी म्हणाली.

"वाजणारच ना, बाळा. त्यो पळून जावा म्हणून वाजवती मी."

"सगळ्यांना ऐकू जातं. शाळेच्या गाडीत पोरं डबा वाजवत्यात. मी चढले की. समृद्धी चालली, समृद्धी चालली, म्हणत्यात." एवढं सांगून ती आईच्या पोटात तोंड खुपसून रडायला लागली. "मी दुपारनंतर पाणी न्हाई पिलं की मला जावं लागत न्हाई."

चांगदेव दारात उभा होता. आपल्या पोरीनं एवढा हिशोब एकटीनं केला आणि घरात कुणाला पत्ता लागला नाही. तो तसाच बाहेर गेला, गोठ्यात गेला, आणि कारण नसताना गाईंपुढची वैरण खालीवर करत बसला.

जेवणं झाल्यावर आरती बोलली. आवाज चढवला नाही. भांडी विसळता विसळता बोलली.

"नाशिकला जाऊ. सोपानदादा कवाचा बोलावतोय."

सोपान आरतीचा भाऊ. नाशकात अंबडला एका कंपनीत होता. तिथं माल मोजून घ्यायला माणूस हवा होता.

"घरातच संडास बांधून घेतो," चांगदेव म्हणाला. "पडवीत. कडंला भिंत घातली की झालं."

"बांधा. आन् शाळेच्या गाडीपत्तूरची वाट? ती पण घरात बांधणार? घासाचं रान? आत्या रोज गळ्यात खिळं बांधून जात्यात, ते?"

"ऊस तुटला की रान मोकळं व्हतंय."

"आपला तुटंल. शेजारच्यांचा? आन् आपल्या बुडख्यातनं खोडवा परत वाढंलच की."

"आईचं काय?" चांगदेव म्हणाला. "आई यायची न्हाई. ती हितनं हालायची न्हाई, तुला ठावं हाय. गाया सोडून ती कुठं जाती? अण्णा वारलं तवा मामा तिला न्यायला आला व्हता, तिथं चार दिवस ऱ्हायली न्हाई."

आरतीनं ताटं पालथी घातली. आतल्या खोलीत कुशाबाई नातीला पाठीवर थोपटत होती. तिला ऐकू जात असणार, पण ती काही बोलली नाही. चांगदेवनं ते न बोलणं आपल्या बाजूनं धरलं.

तरी आरतीनं त्याला सोडलं नाही. नुसतं बघून तरी या, म्हणाली. चांगदेव पहाटेच्या एसटीनं नाशिकला गेला.

सोपान स्टँडवर घ्यायला आला. "दाजी, टेन्शन घिऊ नका. साहेब चांगला हाय," असं वाटेत तो सारखं म्हणत होता, त्यामुळं चांगदेवचं टेन्शन वाढत गेलं. कंपनी पुठ्ठ्याच्या खोक्यांची होती. गेटावर नाव लिहून घेतलं, गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवलं. आत साहेब म्हणून जो भेटला तो पप्पूपेक्षाही लहान असावा.

"काका, आधी काय करत होतात?"

"शेती."

"म्हणजे घरीच."

सोपाननं मधे तोंड घातलं, "बागायतदार हायेत, सर. दहा एकर." दहा एकर नव्हती. चांगदेवनं खाली बघितलं.

"ते खोकं जरा त्या फळीवर ठेवता का? वजनाची सवय आहे का बघू."

खोकं फार जड नव्हतं. चांगदेव पुढं झाला, आणि वाकायच्या आधी त्यानं मागं वळून बघितलं. डावीकडं, उजवीकडं, परत मागं. मग झटकन वाकला, उचललं आणि सरळ झाला. त्याचं त्यालाच कळलं नाही की आपण असं काही केलं. पण साहेब हसला, मशीनवरची पोरंही हसली.

"काय शोधता काका? कोण आहे मागं?"

"कोण न्हाई," चांगदेव म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

नोकरी मिळाली. महिना संपायच्या आत यायचं ठरलं. सोपाननं त्याच्याच इमारतीतली वरच्या मजल्यावरची खोली दाखवली. मोरी आत, संडास आत, पांढऱ्या फरशा. चांगदेवनं संडासाची कडी लावून बघितली, काढली, परत लावली. गॅलरीतून समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालताना दिसत होती, तिच्या मागं आणखी एक इमारत. त्यानं माती कुठं दिसते का बघितलं. खाली नारळाच्या झाडाभोवती एक चौकोन होता, त्यात कुणीतरी कचरा टाकला होता.

"शाळा अगदी मागल्या गल्लीत," सोपान म्हणाला. "पोरगी चालत जाईल, दाजी. एकटी."

चांगदेवनं नुसती मान हलवली.

परतीच्या एसटीत त्यानं मनाशी पक्कं केलं. घरी जाऊन सांगायचं, आई तयार होत न्हाई, तिला टाकून कसं जायचं? लोकं काय म्हणतील? पुढच्या वर्षी बघू. संडास मात्र आठ दिवसांत पडवीत बांधायचा. हे ठरवल्यावर त्याला बरं वाटलं, आणि नारायणगाव येईपर्यंत तो झोपला.

वस्तीवर पोहोचला तेव्हा दुपार होती. अंगणात कुत्रं सोडून कुणी नव्हतं. गोठ्याकडं बघितलं तर गोठा रिकामा.

आधी तो जमिनीवर पावलं शोधायला लागला. दिवसाढवळ्या दोन्ही गाई? मग त्यानं बघितलं की शेण झाडून काढलंय, दावी सोडून गुंडाळून खुंटीला लावलीत, दुधाच्या किटल्या धुऊन पालथ्या घातल्यात. कुशाबाई गव्हाणीच्या कडेला बसून उरलेली वैरण एका पोत्यात भरत होती. गळ्यात पट्टा नव्हता.

"गाया कुठं हायेत?"

"दिल्या."

"कुणाला?"

"पेठच्या दादाभाऊला. त्यानं कवाच्या मागितल्या व्हत्या. सकाळी टेम्पो घिऊन आला."

"मला न इचारता?"

कुशाबाई पोत्याचं तोंड बांधत राहिली.

"ती लाली गाभण व्हती, आये!"

"म्हणून तर चांगल्या घरी दिली. दादाभाऊची बायको जीव लावती जनावराला."

चांगदेवनं हातातली पिशवी जमिनीवर टाकली. आरती आवाज ऐकून घरातून आली होती, ती गोठ्याच्या दाराशीच थांबली. चांगदेव तिच्याकडं वळला. "तू सांगितलंस आईला?"

"मी कशाला सांगू? मला सकाळी टेम्पो आला तवा कळलं. मी नगं म्हणत व्हते."

"तिला काय बोलतू?" कुशाबाई म्हणाली. "माझ्याशी बोल. तू नाशकाहून काय ठरवून आलास?"

चांगदेव वाकून पिशवी उचलायला लागला.

"आई न्हाई म्हणती, असंच ना?"

"तू येणार व्हतीस का? कवा तरी म्हणालीस का, येती म्हणून?"

"मला इचारलंस कवा?" कुशाबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत उठली. "त्या रातीला बाहीर बोलत व्हता दोघं. आई हालायची न्हाई, आई गाया सोडायची न्हाई. मी आत जागी व्हते. म्हटलं, येईल आत, इचारंल. न्हाई आलास. तुझ्या बापानं बी कवा इचारलं न्हाई, पण त्यो निदान माझं नाव पुढं करून नडत नव्हता."

"आये, तुझा जीव हाय हितं म्हणून मी..."

"माझा जीव!" कुशाबाईचा आवाज फाटला. "माझा जीव वाचावा म्हणून मी गळ्यात पट्टा बांधून फिरत व्हते, कुत्र्यावानी. तुला काय वाटलं, पप्पूनं आणला म्हणून कौतुकानं बांधला? त्या माणसांनी फोटो काढला तवा पदर का बाजूला केला? म्हटलं, कुठंतरी छापून येईल, कुणीतरी बघंल, काहीतरी करतील. मला भ्या वाटतं रं! साळीला उचलून आणलं तवा तिची मान मी धरली व्हती. ह्या हातांनी. तवापासनं घास कापताना प्रत्येक मुठीला वाटतं, आता आला. आन् तू म्हणतूस आईला हितनं जायचं न्हाई."

आरतीनं तोंडाला पदर लावला. चांगदेवला आईकडं बघवेना. तो गव्हाणीच्या कठड्यावर बसला, जिथं गाई तोंड घालायच्या तिथं.

"मग कुणाला जायचं न्हाई?" कुशाबाईनं विचारलं. आता आवाज खाली आला होता. "आरतीला जायचंय. पोरीला जायला पाहिजे. मला जायचंय. ऱ्हायलं कोण?"

उसात भारद्वाज घुमत होता.

"मी," चांगदेव म्हणाला.

"असं बोल की मग."

"तिथं मला काका म्हणत्यात. खोकं उचलायला लावलं, हसले. तिथं मी कोण, आये? तिथं मला कुत्रं वळखत न्हाई."

"हितं तरी कोण हायेस?" कुशाबाई म्हणाली. "बॅटरी धरणारा."

ते बोलून झाल्यावर तिलाच ते लागलं असावं. ती त्याच्याजवळ आली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि केसांत अडकलेली एसटीतली धूळ झटकल्यासारखं केलं. चांगदेव रडला नाही. पण बराच वेळ त्यानं डोकं वर केलं नाही.

जमीन पप्पूनं वाट्यानं करायची ठरलं. "दिवसा येईन, अंधारायच्या आत गावात," पप्पू म्हणाला, "वस्तीवर ऱ्हायला मात्र मला सांगू नका, भाऊ." कुणी सांगणारही नव्हतं. ऊस तुटायचा होता, कारखान्याची ऊसतोडीची टोळी अजून आली नव्हती. ज्याच्यामुळं घर सोडायचं तो ऊस उभाच राहणार होता आणि माणसं आधी निघणार होती. कुत्रं पप्पूकडं गेलं.

निघायच्या दिवशी उलट आरतीचा पाय निघेना. सगळं सामान पिकअपमध्ये चढल्यावर ती चुलीपाशी जाऊन बसली. तिला तिथं काय काम होतं कुणास ठाऊक. चांगदेव बोलवायला गेला तर म्हणाली, "मीच तोंडानं मागितलं आन् आता बघा माझं." तो तिच्या शेजारी टेकला. दोघं थोडा वेळ तशीच बसली. मग तो म्हणाला, "नगं वाटलं तर परत येऊ." दोघांनाही माहीत होतं की घर एकदा बंद झालं की त्याचं काय होतं. तरी आरती "व्हय," म्हणाली आणि उठली.

पप्पू गाडी चालवत होता. पुढं त्याच्या शेजारी कुशाबाई आणि तिच्या मांडीवर समृद्धी. मागं हौद्यात गाद्या, पिंप, कपाट, आणि त्यांच्यात जागा करून चांगदेव आणि आरती. कळंब गेलं, नारायणगाव गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता, द्राक्षं होती, टोमॅटोचे तार-बांबू होते, आणि चांगदेव सवयीनं प्रत्येक रानाचं पीक कसं आहे ते बघत होता. अंबडच्या त्या साहेबाचं तोंड मधूनच आठवायचं. सोमवारपासून त्याच्यापुढं उभं राहायचं होतं. बापाला कुणी कधी काका म्हटलं होतं का, ते त्याला आठवेना.

आळेफाट्याला पप्पूनं चहासाठी गाडी थांबवली. समृद्धी उडी मारून उतरली आणि आईचा हात धरून बिस्किटं बघायला गेली. चांगदेव हौद्यातून उतरला, अंग मोडलं, आणि आईसाठी चहाचा कप घेऊन पुढच्या दाराशी आला.

कुशाबाई झोपली होती. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आलेली. फाट्यावर चारी बाजूंनी गाड्या हॉर्न देत होत्या, एक एसटी तर अगदी खेटून गेली, तरी ती हलली नाही, हलकं घोरत राहिली. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, बोटं सैल. आईला अशी झोपलेली कधी बघितल्याचं चांगदेवला आठवेना. घरात तिच्या आधी कुणी उठत नसे आणि तिच्यानंतर कुणी आडवं होत नसे, इतकंच त्याला ठाऊक होतं. गळ्यावरचा काळा वळ उन्हात स्पष्ट दिसत होता.

"उठवू का?" पप्पूनं विचारलं. "परत संगमनेरशिवाय थांबायचं न्हाई."

"नगं," चांगदेव म्हणाला.

"चहा गार व्हईल भाऊ."

"व्हऊ दे."

तो कप हातात धरून दाराशी उभा राहिला. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं, म्हणून जरा सरकून उभा राहिला. चहावर साय धरली. आरती आणि समृद्धी परत आल्या, त्यांनीही बघितलं आणि कुणी हाक मारली नाही. मागून एक ट्रकवाला गाडी काढा म्हणून ओरडायला लागला. चांगदेवनं त्याला हातानं थांब म्हणून खूण केली.